पानाचा नकार

कीड आंधळी असते, हिरवं दिसलं की खात सुटते आणि झाड बिचारं मुकाट्यानं सोसत उभं राहतं, हा समज आपल्याकडे इतका मुरलाय की त्याला कुणी हटकतच नाही. तेलंगणात बेज्जूरपासून कागजनगरपर्यंत तो तेलुगूत ऐकू येतो, प्राणहितेपलीकडे अहेरी-सिरोंच्यात मराठीत. त्यातून निघणारा सल्लाही ठरलेलाच असतो. पेरणीनंतर इतक्या दिवसांनी पहिला फवारा, मग दुसरा, मग तिसरा. झाडाच्या बुंध्यावर मातीचा थर चढला की औषध ओता. धुऱ्यावर वारूळ दिसलं की आधी ते फोडा.

हा समज खोटा आहे, आणि तो फार महागात पडतो. पान खाणारा जीव निवड करतो. ती निवड मुख्यतः पानातली रसायनं ठरवतात. ज्या झाडाला आपण मुकं म्हणतो ते कोट्यवधी वर्षांपासून नकार देत आलंय आणि खाणारे जीव तो नकार नीट ओळखतात. ओळखत नाही तो माणूस. ही माझी भूमिका आहे आणि तिच्या बाजूनं पुरावा भरपूर आहे.

सर्वांत भक्कम पुरावा बेज्जूरपासून फार दूरचा आहे. दक्षिण अमेरिका, मध्य अमेरिका आणि उत्तरेला अमेरिकेच्या दक्षिण टोकापर्यंत पानं कापणाऱ्या मुंग्या राहतात. अट्टा आणि अ‍ॅक्रोमिर्मेक्स हे त्यांचे दोन मुख्य वंश. अट्टाच्या जुन्या वारुळात काही दशलक्ष मुंग्या असतात. त्या पानाचे तुकडे कापतात, डोक्यावर धरून रांगेनं घरी नेतात, पण ते तुकडे त्यांचं मुख्य अन्न नाही. पानाचा लगदा करून त्यावर त्या एक बुरशी वाढवतात आणि त्या बुरशीवर सगळं वारूळ पोसलं जातं. थॉमस बेल्ट हा इंग्रज खाण-अभियंता निकाराग्वात सोन्याच्या खाणीवर कामाला होता. १८७४ साली छापलेल्या आपल्या पुस्तकात त्यानं पहिल्यांदा सांगितलं की या मुंग्या पानं खायला नेत नाहीत, बुरशीच्या शेतीसाठी नेतात.

बेल्टच्या त्याच पुस्तकात आणखी एक निरीक्षण आहे, आणि माझ्या वादासाठी ते जास्त मोलाचं आहे. मुंग्यांनी त्याची बाग उजाड केली होती, त्यानंही त्यांच्या बिळांत कार्बोलिक आम्ल ओतून त्यांचा पिच्छा पुरवला होता. म्हणजे त्याला मुंग्यांचा कळवळा होता म्हणून तो बोलला, असं म्हणायची सोय नाही. तरी त्याच्या लक्षात आलं की मुंग्या सगळ्यांवर सारख्या तुटून पडत नाहीत. संत्रं, कॉफी अशा बाहेरून आणलेल्या झाडांचा त्या फडशा पाडतात आणि तिथल्या मूळच्या झाडांना त्या मानानं कमी हात लावतात. त्यानं कारणही दिलं. तिथली झाडं आणि तिथल्या मुंग्या युगानुयुगं एकमेकांच्या सहवासात घडली, जी झाडं टिकली ती काहीतरी बचाव कमावून टिकली. परदेशी झाडांना तशी संधीच मिळाली नव्हती. एवढंच नाही, बाहेरच्या झाडांतही लिंबाच्या जातीचं एक झाड मुंग्यांना संत्र्याइतकं आवडत नाही, हेही त्यानं नोंदवलं.

हा बचाव कसला, ते शंभर वर्षांनी प्रयोगशाळेत कळलं. स्टीफन हबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोस्टारिकाच्या कोरड्या पानगळीच्या जंगलात एका झाडावर काम केलं. हायमेनिया हे ते झाड, आपल्या चिंचेच्या उपकुळातलं. अट्टा मुंग्या त्याची पानं टाळत होत्या. १९८३ साली या गटानं दाखवून दिलं की त्या पानात कॅरिओफायलीन इपॉक्साइड नावाचं एक टर्पिन आहे. ते मुंग्यांना दूर ठेवतं आणि त्यांच्या बुरशीला मारतं. झाडाचा नेम कुठे बसलाय ते बघा. लाखो मुंग्यांशी लढत बसण्यापेक्षा त्यानं सगळ्या वसाहतीचं पोट ज्यावर चालतं ती बुरशीच गाठली.

यावर पटकन शंका निघते. मुंगीला पान हुंगून कडू-गोड कळत असेल, पण त्यात निवड कसली? ती तर नुसती जिभेची सवय. या शंकेचं उत्तर हर्ट्झ, हॉल्डोब्लर आणि रोसेस यांच्या २००८ सालच्या प्रयोगांत आहे. त्यांनी मुंग्यांच्या आवडीच्या पानांना एक बुरशीनाशक पाजलं. ते असं निवडलं होतं की बुरशीला बाधेल, मुंग्यांना मात्र त्याचा वास किंवा चव लागणार नाही. मुंग्यांनी ती पानं पहिल्यांदा आनंदानं नेली. मग साधारण दिवसभरात त्यांनी ती नाकारायला सुरुवात केली, आणि औषध न लावलेली त्याच झाडाची चांगली पानंही नाकारली. हे नाकारणं कित्येक आठवडे टिकलं. बुरशी आजारली, आत काम करणाऱ्या मुंग्यांना ते समजलं, तो निरोप बहुधा बाहेर पानं तोडणाऱ्या मुंग्यांपर्यंत गेला आणि त्यांनी ते झाडच सोडलं. जिभेच्या सवयीनं हे घडत नाही. त्याला शिकणं आणि लक्षात ठेवणं लागतं.

बेज्जूरच्या माणसाला हे समजायला अवघड नाही. उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायला जाणाऱ्या बाईला विचारा. ती हाताला येईल ते पान तोडत नाही. फार कोवळं सोडते, जून झालेलं सोडते, गाठी आलेलं सोडते, कारण पान तिला स्वतःला ओढायचं नसतं, ते खरेदीच्या फळीवर पास व्हायला लागतं. आज पुडे परत आले की उद्या ती त्या झुडपांकडे वळत नाही. मुंगीचा हिशोबही असाच दुसऱ्यासाठी केलेला असतो, तिच्या बुरशीसाठी.

आता दुसऱ्या आक्षेपाकडे येतो, आणि तो रास्त आहे. पानं कापणाऱ्या या मुंग्या भारतात नाहीत. एकही जात नाही. अमेरिका खंडांबाहेर त्या कुठेच सापडत नाहीत. आपल्याकडे समाजमाध्यमांवर त्यांच्या चित्रफिती फिरतात आणि लोक त्यांना आपल्याच जंगलातल्या समजतात, तेव्हा ती दिशाभूल होते. आपल्याकडे आंब्याच्या किंवा ऐनाच्या झाडावर पानं शिवून घर करणाऱ्या लाल मुंग्या वेगळ्या, त्या शिकारी आहेत, उलट पान खाणाऱ्या अळ्याच त्या खातात. गुलाबाच्या पानाचे गोल तुकडे कापून नेते ती मुंगी नसून मधमाशीच्या नात्यातली एक माशी असते. मग अमेरिकेतल्या मुंग्यांचं उदाहरण बेज्जूरला कशाला, असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, बुरशीची शेती करणारे जीव बेज्जूरमध्येही आहेत आणि त्यांच्याशी आपलं रोजचं वैर आहे. ती म्हणजे वाळवी, आपल्या भागातली उधई.

जंगलात आणि धुऱ्यावर वारुळं उभारणारी ओडोंटोटर्मिस वंशातली वाळवी आपल्या वारुळात बुरशीच्या जाळीदार गाद्या वाढवते. सुकलेलं लाकूड, साल, पाचोळा ती खाते, विष्ठेतून गादीवर घालते, त्यावर टर्मिटोमायसिस ही बुरशी वाढते आणि लाकडातला जो कठीण भाग एरवी पचत नाही तो वाळवीसाठी पचवून ठेवते. अमेरिकेत मुंग्यांनी आणि आफ्रिका-आशियात वाळवीनं ही शेती स्वतंत्रपणे शोधली, वाळवीनं सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी. पावसाळ्यात वारुळावर ज्या सात्या उगवतात त्या याच बुरशीच्या छत्र्या. प्राणहितेच्या दोन्ही काठांवर गोंड, कोलाम, मराठी, तेलुगू अशी सगळीच घरं त्यांची वाट बघतात. ज्या वारुळाच्या सात्या आवडीनं खायच्या तेच वारूळ शत्रू म्हणून फोडायचं, हा व्यवहार मला कधीच पटलेला नाही.

ही वाळवीही आंधळी नाही. पडताळायचं असेल तर बेज्जूरच्या जंगलात सागाचा जुना, तोडून कित्येक पावसाळे गेलेला बुंधा शोधा आणि त्याच्यापाशी बसा. कडेचं फिकट लाकूड वाळवीनं पोखरलेलं दिसेल, बोटानं दाबलं तर चुरा होईल, आत मातीच्या नळ्या भरलेल्या असतील. मग बोट आत सरकवत न्या. फिकट लाकूड संपून गडद गाभा जिथे सुरू होतो तिथे वाळवीचं खाणं थांबलेलं असतं. एकाच झाडाचं, एकाच बुंध्याचं लाकूड, मधे कुंपण नाही की औषध नाही. फरक रसायनांचा आहे. साग म्हातारा होताना गाभ्यात टेक्टोक्विनोन आणि त्याच्या कुळातली रसायनं साठवतो, त्यांचा वाळवीला तिटकारा आहे आणि लाकूड कुजवणाऱ्या बुरशीलाही ती जड जातात. रोपवनातला कोवळा साग लवकर तोडला तर त्यात हा गाभा थोडा असतो, म्हणून त्याची दारं-चौकटी जुन्या सागासारखी टिकत नाहीत. सुतार हे जाणतो. लाकूड घेताना तो पांढरा भाग किती आणि पक्का भाग किती ते आधी बघतो. वाळवीही तेच बघते.

उभ्या झाडावर मातीचा थर चढतो तेव्हाची घबराट तर अगदीच अनाठायी असते. ऐन, मोह, साग अशा झाडांच्या बुंध्यावर हातभर उंचीपर्यंत मातीचा पापुद्रा दिसला की लोक समजतात झाड चाललं. नखानं तो पापुद्रा काढून बघा. खाली वाळवीनं बाहेरची मेलेली साल खाल्लेली असते. तिच्या आतली ओली, जिवंत साल बहुतेक वेळा शाबूत असते. जिवंत सालीत झाडाचा रस आहे, त्या रसात टॅनिनं आहेत, डिंक आहे, इतर कडू द्रव्यं आहेत. वाळवी मेलेलं उचलते आणि जिवंताला सोडून देते. पाण्यावाचून तडफडणाऱ्या, मुळं दुखावलेल्या किंवा नुकत्याच लावलेल्या रोपावर ती चढते आणि नुकसान करते, हे खरं आहे. पण तिथेही तिनं दुबळं हेरलेलं असतं. तिथे इलाज पाण्याचा आणि मुळांचा करायचा. जंगलातल्या दणकट झाडाच्या बुंध्यावर विष ओतून हाती काही लागत नाही, ते विष पुढच्या पावसात ओढ्याला जातं.

आता माझ्या विरोधकांचा सर्वांत दमदार मुद्दा घेतो. झाडं स्वतःचं रक्षण करतात तर दर पावसाळ्याच्या सुरुवातीला सागाची पानं का झडतात? सागावरची हायब्लिया ही अळी कोवळी पालवी फुटली की येते आणि डोंगरचे डोंगर उघडे करते. केरळच्या वन संशोधन संस्थेतल्या के. एस. एस. नायर आणि सहकाऱ्यांनी निलंबूरच्या तरुण रोपवनांत मोजमाप केलं, तेव्हा या अळीमुळे लाकडाची संभाव्य वाढ ४४ टक्क्यांनी घटते असं निघालं. हा आकडा मी लपवत नाही. बचाव म्हणजे अभेद्य किल्ला, असं मी म्हटलेलंच नाही.

पण याच अळीकडे जरा बारकाईनं बघा. हायब्लियाला हवं असतं ते कोवळं पान. पान जून झालं, कडक झालं की तिची गोडी संपते. पावसाळ्याच्या शेवटी दुसरी अळी येते, युटेक्टोना. तिला जून पान चालतं, पण ती शिरा तशाच ठेवते आणि मधला हिरवा गर खाते, म्हणून तेव्हाचं सागाचं पान जाळीसारखं दिसतं. दोन जीवांनी एकाच झाडाचं पान वयानुसार वाटून घेतलंय. आंधळ्याला अशी वाटणी जमत नाही. आणि झाडाचा हिशोबही नीट आहे. काही महिन्यांत गळून जाणाऱ्या पानावर साग फार खर्च करत नाही, शेकडो वर्षं उभं राहायचंय त्या लाकडावर करतो. पानं पुन्हा फुटतात, म्हणून एका हल्ल्यानं साग मरत नाही. मैलोन्मैल एकाच वयाचा साग लावून त्या अळीला एकाच वेळी कोवळ्या पानांची पंगत वाढतो ते आपण. मिश्र जंगलात साग, ऐन, धावडा, तेंदू, मोह, बिबा शेजारीशेजारी असतात आणि प्रत्येकाची रसायनं वेगळी असतात, तिथे ही पंगत जमायला वेळ लागतो.

नकार मोडून काढणारे जीव असतात, पण त्यासाठी त्यांना किती मोठी किंमत द्यावी लागते ते रुईच्या झुडपावर दिसतं. रुईचं पान तोडलं की पांढरा चीक येतो, त्यात हृदयावर परिणाम करणारी विषं असतात. शेळी सोडून बहुतेक जनावरं तिला तोंड लावत नाहीत. तरी त्यावर पिवळ्या-निळ्या रंगांचा एक नाकतोडा आरामात बसलेला असतो, आणि पट्टेरी अळ्या, ज्यांची पुढे नारिंगी फुलपाखरं होतात. त्यांच्या शरीरांनी ते विष पेलायची आणि साठवायची सोय कमावली आहे. नाकतोड्याला छेडलं तर तो तेच विष शत्रूवर उडवतो. पण हे जमवलेले जीव मोजके. रुईनं बाकी शेकडो जातींच्या किडींना बाहेर ठेवलंय. या मोजक्यांकडे बोट दाखवून नकार फसला म्हणणं चुकीचं आहे.

आता कापसाकडे येतो, कारण बेज्जूरच्या आसपासच्या शेतात खरा जीव त्यात अडकलाय. कपाशीचं पान उन्हाकडे धरून बघा. त्यात बारीक काळे ठिपके दिसतात. त्या ग्रंथींत गॉसिपॉल असतं, कपाशीचं स्वतःचं कीडनाशक. १९५०च्या दशकात अमेरिकेत स्कॉट मॅकमायकेल यांनी ग्रंथी नसलेली कपाशी शोधली. सरकीत गॉसिपॉल नसेल तर ती माणसाला आणि कोंबड्यांना खाता येईल, असा त्यामागचा चांगला विचार होता. पण ती कपाशी शेतात लावली तेव्हा एरवी कपाशीच्या वाटेला न जाणाऱ्या किडीही तिच्यावर येऊन पडल्या. पानाचा नकार काढून घेतला की काय होतं, याहून स्वच्छ प्रयोग मला माहीत नाही. पुढे टेक्सासमध्ये कीर्ती राठोड यांच्या गटानं २००६ साली फक्त सरकीतलं गॉसिपॉल कमी करून पानातलं तसंच राखायची युक्ती काढली आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०१९ साली त्या सरकीला परवानगी दिली. पानातल्या विषाला धक्का लावायचा नाही, हा धडा त्यांनी घेतला होता.

आपण तो घेतला का? २००२ साली बीटी कपाशी आली. तिच्यात एका जिवाणूचं प्रथिन घातलं होतं आणि सुरुवातीला अमेरिकन बोंडअळीवर त्याचा चांगला परिणाम दिसला. पण लाखो एकरांत, प्रत्येक झाडात, सगळा हंगाम तेच एक रसायन आणि कडेला बिगर-बीटीच्या ओळी लावायचा नियम कागदावर. गुलाबी बोंडअळीनं ते पचवलं. गुजरातेत २०१० पर्यंत हे बियाणं कंपनीनंच मान्य केलं. पुढे दोन जनुकं घातलेल्या वाणालाही ती पुरून उरली, हे नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनं नोंदवलं. रानातलं झाड कधीच एका रसायनावर विसंबत नाही. त्याच्यात दहा-वीस द्रव्यं असतात, पानाच्या वयानुसार त्यांचं प्रमाण बदलतं, चावा बसला की वाढतं. एकाच कुलपावर सगळा वाडा सोडायची चूक झाडानं केलेली नाही, ती आपण केली.

यात बेल्टचं निरीक्षणही येऊन मिळतं. आज आपल्या शेतांत जी कपाशी आहे ती मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडची. गुलाबी बोंडअळी इकडची मानली जाते, १८४३ साली तिचं पहिलं शास्त्रीय वर्णन झालं ते भारतातून गेलेल्या नमुन्यांवरून. पाहुणं झाड आणि स्थानिक कीड यांची गाठ आपण घालून दिली. देशी कपाशीला बोंडअळी लागतच नव्हती असं मी म्हणणार नाही, तसं नव्हतं. पण तुडतुड्यांसारख्या रस शोषणाऱ्या किडींना ती जास्त दाद देत नाही, लवकर येते आणि त्यामुळे लांबलेल्या हंगामात फोफावणारी अळी तिच्यावर फार काळ पोसली जात नाही. ते बियाणं बाजारातून जवळजवळ गायब झालं, आणि वर युरियाचा मारा. जास्त नत्रानं पान लुसलुशीत होतं, त्यातली संरक्षक द्रव्यं कमी पडतात, मावा-तुडतुडे वाढतात. मग त्यांच्यावर फवारा. २०१७ साली आदिलाबादला लागूनच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर मेले, शेकडो दवाखान्यात गेले. कीड आंधळी आहे, डोळे मिटून फवारा, या सल्ल्याची ही किंमत आहे. माझा राग इथे आहे आणि तो मी लपवत नाही.

दुसऱ्या टोकाच्या मंडळींनाही उत्तर द्यायला हवं. काही जण म्हणतात, मग प्रश्नच मिटला, कडुनिंबाचा अर्क मारा, सगळ्या किडी पळतील आणि नैसर्गिक असल्यानं अपाय नाही. हाही तितकाच ढोबळ दावा आहे. कडुनिंबाची ताकद खरी आहे. १९६२ साली दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत डॉ. एस. प्रधान आणि सहकाऱ्यांनी निंबोळीचं पाणी फवारलेल्या पिकाला टोळधाड तोंड लावत नाही हे दाखवलं. त्यातलं अझाडिरॅक्टिन १९६८ साली वेगळं काढलं गेलं, आणि ते प्रयोगशाळेत मुळापासून बनवायला स्टीव्हन ले यांच्या गटाला २२ वर्षं लागली, २००७ साली जमलं. पण टोळ ज्या अर्कापासून पळतो त्याच अर्काकडे दुसरी कीड दुर्लक्ष करते. आणि खुद्द कडुनिंबावरही ढेकण्या मच्छर चरतो, गेल्या काही वर्षांत तेलंगणात शेंडे वाळलेल्या कडुनिंबांवर बुरशीच्या रोगाबरोबर तोही सापडला. शिवाय हे रसायन उन्हात काही दिवसांत विरतं. म्हणून पाच किलो निंबोळीची भुकटी रात्रभर भिजवून शंभर लिटर पाण्यात केलेला ताजा अर्क, अळी लहान असताना, संध्याकाळी फवारला तर उपयोगी पडतो. बाटलीवर हिरवं पान छापलं म्हणून तो कुठेही, केव्हाही चालत नाही. झाडाचं विषही नेमक्या शत्रूसाठी घडलेलं असतं, आणि विष ते विषच. बिब्यातलं द्रव्य काय करतं ते ज्यांच्या अंगावर फोड आले त्यांना विचारा.

गंमत म्हणजे ब्राझीलच्या शेतकऱ्यांना आपल्या तिळाची आणि एरंडाची पानं पानकाप्या मुंग्यांविरुद्ध कामाला आली. तिळातलं सेसामिन मुंग्यांच्या बुरशीला बाधतं, एरंडातलं रिसिनिन मुंग्यांना. आणि तिथल्या विषारी आमिषांचे कारखानदारसुद्धा मुंगीला आंधळी मानायची चूक करत नाहीत. ते आमिष संत्र्याच्या चोथ्यात बनवतात, कारण मुंगीला तो आवडतो, आणि त्यात मुद्दाम सावकाश चढणारं विष घालतात, कारण झटकन चढलं तर वसाहत शहाणी होऊन आमिष नाकारते. ज्यांना मुंग्या मारायच्या आहेत त्यांनाही आधी त्यांची निवड मान्य करावी लागते.

म्हणून माझं म्हणणं मी मागण्यांत मांडतो. कॅलेंडर बघून फवारणी सांगणं बंद करा. कामगंध सापळे लावा, सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग आले किंवा दहा टक्के बोंडं किडली, तरच औषध, हे कापूस शास्त्रज्ञांनीच ठरवलेलं माप आहे. बियाण्याच्या पिशवीवर उत्पन्नाबरोबर त्या वाणाचा कोणत्या किडीला किती प्रतिकार आहे ते छापा. देशी कपाशीचं बियाणं कोरडवाहू शेतकऱ्याला सहज मिळू द्या. वनखात्यानं साग लावताना मधे इतर झाडं राखावीत. आणि जंगलातलं, धुऱ्यावरचं वारूळ घरात शिरत नसेल तर त्याला हात लावू नका. ते मेलेलं लाकूड मातीत मिसळतं आणि पावसाळ्यात सात्याही देतं.

हे सगळं करायला पैसा कमी लागतो आणि नजर जास्त लागते. विरोधक म्हणतील, शेतकऱ्याला एवढा वेळ नाही. पण फवाऱ्याचं पाणी डोक्यावरून वाहून आणायला, पंप खांद्यावर घेऊन मारायला, उधारीवर औषध आणायला आणि आजारी पडून दवाखान्यात बसायला त्याचा वेळ जातोच. आजवर पुरावा मागितला गेला तो झाडाकडून. तुझा नकार पुरतो का, ते सिद्ध कर. यापुढे पुरावा दुसऱ्या बाजूनं द्यावा. जो कुणी शेतकऱ्याच्या हातात विषाची बाटली ठेवतो त्यानं आधी दाखवावं की त्या शेतात, त्या आठवड्यात, त्या किडीपुढे पानाचा नकार खरोखर कमी पडलाय. हे दाखवता येत नसेल तर त्या बाटलीला त्या शेतात जागा नाही.